भिंत कुठून मोजायची?

घाटाखाली एक रीत आहे. मामा वयानं कितीही मोठा असो, भेटला की आधी भाचीच्या पाया पडतो. माझा मामा नांदुऱ्याकडचा. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, त्यातली शेवटची पंधरा ठेकेदारीत गेली. दिवाळीत तो घाट चढून चिखली तालुक्यातल्या आमच्या गावी आला, माझ्या पाया पडला, चहा घेतला आणि मी दोन रात्री जागून केलेला घराचा नकाशा ओसरीवर पसरून त्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीनं तीन गोल काढले.

"हे दहा बाय बारा लिहिलं तू. आतून का बाहेरून?"

"सेंटर टू सेंटर आहे, मामा. खाली कोपऱ्यात टीप लिहिलीय."

"सेंटर कोनं पाह्यलं वं बाई?"

वडिलांना जुनं माळवदाचं घर पाडून नवं बांधायचंय. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फूट भिंती, वर धाबं, पावसाळ्यात गळती. जागा रस्त्याला २४ फूट आणि खोल ४० फूट. मी पुण्यात एका वास्तुविशारदाच्या कचेरीत नोकरी करते, तेव्हा नकाशा माझ्याकडे आणि बांधकाम मामाकडे हे कुणी न ठरवताच ठरलं होतं. दोघांचं पटेल असंही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"मामा, भिंतीची जाडी उद्या बदलली तरी मध्यरेषा हलत नाही. म्हणून मापं तिच्यावर."

"ते तुह्या मशिनीत. माह्यापाशी दोरी हाय. दोरी बांधतो ती विटीच्या तोंडाले. एक थर चढला का तुहं सेंटर विटीखाली गडप. मंग मी काय एक्स-रे काढू?"

यावर लगेच उत्तर सुचलं नाही. कारण तो म्हणतो ते शब्दशः खरं आहे. मध्यरेषा बांधकामात फक्त पहिल्या दिवशी दिसते, चुन्याची फक्की टाकतात तेव्हा. नंतर गवंड्याच्या हातात उरतं ते भिंतीचं तोंड, त्यावर लावलेला ओळंबा आणि कोपऱ्याला गुण्या. मी लॅपटॉप उघडला. मला वाटलं, दाखवलं की पटेल.

आमच्या कचेरीत रेव्हिट वापरतात. २००० साली बाजारात आलेलं, २००२ मध्ये ऑटोडेस्कनं विकत घेतलेलं. त्याच कंपनीचं १९८२ पासूनचं ऑटोकॅड मामानं पाहिलेलं आहे, म्हणजे त्याचे छापील नकाशे. त्यात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. मशिनला त्या रेघा भिंत आहेत की नाली, याचा पत्ता नसतो. रेव्हिटमध्ये भिंत ही भिंत असते. तिला थर असतात. बाहेरून २० मिलिमीटरचा दोन हातांचा गिलावा, मध्ये २३० ची वीट, आतून १२ चा एक हात. एकूण २६२.

"या भिंतीला सहा रेघा आहेत," मी सांगितलं. "बाहेरच्या गिलाव्याचं तोंड, आतल्या गिलाव्याचं तोंड, कोऱ्या विटेचं बाहेरचं तोंड, आतलं तोंड, विटेचा मध्य आणि सगळ्या भिंतीचा मध्य."

"थांब. इटीचं सेंटर आन् भिंतीचं सेंटर वेगळं?"

"हो. गिलावा दोन्हीकडे सारखा नाही ना. बाहेरच्या तोंडापासून भिंतीचा मध्य १३१ वर, विटेचा १३५ वर. चार मिलिमीटरचा फरक."

"सव्वा सूत," मामा पटकन म्हणाला. आठ सूत म्हणजे एक इंच, हा त्याचा हिशेब मिलिमीटरच्या टेपनंही सुटलेला नाही. मग तो हसला. "एका भिंतीले दोन सेंटर! आन् म्हणते कशी, सेंटर हलत नाही."

या सहांपैकी कोणती रेघ धरून भिंत टाकायची, ते रेव्हिट आधी विचारतं. आर्किकॅडमध्येही तसंच आहे, तिथे तिला संदर्भरेषा म्हणतात. फुकट मिळणारं फ्रीकॅड थोडं गरीब आहे. त्याची आवृत्ती १.० होऊन २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. तिथे भिंत रेघेच्या डावीकडे, उजवीकडे किंवा मधोमध, एवढेच तीन पर्याय. पण डावीकडे म्हणजे कोणाच्या डावीकडे? रेघ ज्या दिशेनं ओढली, त्या दिशेला तोंड करून चालणाऱ्याच्या. तीच रेघ उलटी ओढली की भिंत पलीकडच्या खोलीत जाऊन बसते. नवी पोरं इथे फार गोंधळतात. रेव्हिटमध्येही दिशा पाळावी लागते. घड्याळाच्या काट्याप्रमाणे भिंती ओढत गेलं तर बाहेरची बाजू बाहेर राहते. उलटं फिरलं तर बाहेरचा गिलावा बैठकीत.

"म्हंजे प्रदक्षिणा," मामा म्हणाला.

मी गेली सहा वर्षं हे रोज करते. हा शब्द मला सुचला नव्हता. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला राहतो, रेव्हिटमध्ये घर.

पण मामा त्यानं विरघळला नाही. त्याचा खरा मुद्दा पुढे होता, आणि तो त्यानं माझ्याच मशिनवर सिद्ध केला. वडिलांनी मध्येच विचारलं, "नऊ इंची विटेऐवजी ते पांढरे हलके ब्लॉक लावले तर? सहा इंची?" इकडे पारसचं वीज केंद्र फार लांब नाही, त्यामुळे राखेच्या विटाही बोलण्यात येतातच. पण ब्लॉकनं वजन कमी होतं, हे वडिलांनी कुठेतरी वाचलं होतं. मी ऐटीत भिंतीचा प्रकार बदलला. २३० चे १५०. पापणी लवायच्या आत घरभर भिंती बारीक झाल्या. मी मामाकडे पाहिलं.

मामा कॉलमकडे पाहत होता. कॉलम २३० चेच राहिले होते. मध्यरेषा जागेवर होती म्हणून प्रत्येक भिंत दोन्ही अंगांनी ४० मिलिमीटर आत सरली होती आणि प्रत्येक कॉलम दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच बाहेर डोकावत होता.

"आता यात कपाट कसं बसवशील? आन् बाहेरून घराले फासळ्या दिसतीन, म्हाताऱ्या बैलावानी."

मी भिंत बाहेरच्या विटेच्या तोंडावर बांधली आणि पुन्हा बदल केला. कॉलम बाहेरून सपाट झाले. ऐंशीच्या ऐंशी मिलिमीटर घराच्या आत आले. सगळं घर बाहेरून २४ बाय ३२ धरलं तर आतलं क्षेत्र जवळपास २८ चौरस फुटांनी वाढतं. मघाच्या मध्यरेषेनं त्यातलं निम्मंच मिळालं असतं, आणि उरलेलं निम्मं रस्त्याला व शेजाऱ्याला दान.

"अठ्ठावीस फूट म्हंजे देवघर झालं," मामा म्हणाला. "म्हणून बाहेरचं तोंड धर. आत जे उरते ते घरच्याइचं."

मी हार मानायच्या बेतात नव्हते. "मग पाया? पायाही बाहेरच्या तोंडानं आखता का?"

"नाही."

"का?"

मामा जरा थांबला. चिखलीची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. खड्डे, फुटिंग, कॉलमच्या सळया हे सगळं मध्यरेषेवरच बसतं. इंजिनिअरच्या नकाशात दुसरं काही नसतंच. "पायाले सेंटर पायजे," तो कबूल झाला. "जोत्यापर्यंत सेंटर. जोत्यावर आलं का तोंड."

"आणि जुन्या वाड्यांत आपण घर कशात मोजत होतो? खणात. दोन खणी, पाच खणी. खण म्हणजे खांबापासून खांब. मध्यापासून मध्यच ना तो?"

"खांब दिसते वं. खांबाचं सेंटर सुतार रेघ मारून ठेवते. भिंतीत लपलेलं सेंटर अन् खांबाचं सेंटर एक नाही."

ही गोष्ट मला कॉलेजात कुणी इतक्या स्वच्छ सांगितली नव्हती. तिथे अंदाजपत्रक करायच्या दोन रीती शिकवल्या. एक मध्यरेषेची: सगळ्या भिंतींच्या मध्यरेषा बेरजेला धरायच्या आणि जिथे एक भिंत दुसरीला मध्येच येऊन भिडते तिथे अर्धी जाडी वजा करायची. दुसरी लांब भिंत–आखूड भिंतीची: लांब भिंत बाहेरून बाहेर मोजायची, आखूड भिंत आतून आत. परीक्षेत दोन्हींचं उत्तर एकच यायला हवं, आणि येतं. पण पहिली रीत गणित करणाऱ्याची आहे, दुसरी भिंत बांधणाऱ्याची. लांब भिंती आधी उभ्या राहतात, आखूड त्यांच्या मध्ये येऊन बसतात, म्हणून त्यांचं माप आतून. परीक्षेत मी पहिलीच वापरायचे, कारण तिच्यात आकडे कमी.

दुपारी जेवण झाल्यावर मामानं दुसरा गोल दाखवला. बाथरूम. रुंदी १.२ मीटर. नियमात किमान तेवढी हवीच.

"हे बी सेंटर टू सेंटर?"

"हो."

मामा बोलला नाही. पेन्सिलीनं नकाशाच्या समासात वजाबाकी केली. मी ती इथे मिलिमीटरमध्ये देते. १२०० मधून साडेचार इंची भिंतीची जाडी गेली, म्हणजे ११५. उरले १०८५. दोन्हीकडचा गिलावा, मसाला आणि फरशी मिळून बाजूला इंच-इंच, म्हणजे ५० गेले. उरले १०३५. कागदावर चार फुटांचं असलेलं बाथरूम अंघोळ करणाऱ्याच्या कोपराला साडेतीन फुटांच्या आत लागणार.

इथे मला माझी एक गोष्ट सांगणं भाग पडलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका इमारतीच्या शौचालयांचे नकाशे माझ्याकडे होते. कमोडच्या खालचा पाइप भिंतीपासून किती अंतरावर हवा, हे कमोडवर ठरतं. आमच्याला ३०० मिलिमीटर. मी नकाशात ३०० लिहिलं. कोणत्या भिंतीपासून ते लिहिलं नाही, कारण माझ्या डोक्यात तयार, फरशी लावलेली भिंत होती आणि दुसरी असू शकते हे सुचलंच नाही. प्लंबर आला तेव्हा तिथे कोरी वीट होती. त्यानं तिच्यापासून ३०० मोजून पाइप बसवला. मग गिलावा आला, फरशी आली, आणि पाइप भिंतीपासून २७५ वर राहिला. कमोडची पाठ भिंतीत घुसल्याशिवाय बसेना. फोडावं लागलं. किती मजले, ते मी अजून घरी सांगितलेलं नाही.

मामा हसला नाही. "प्लंबरची चूक नाही," एवढंच म्हणाला.

"म्हणूनच मला नकाशावर लिहायचंय," मी म्हणाले. "मापं तयार भिंतीपासून. राहणारा माणूस तयार भिंतीत राहतो."

"अन् बांधणारा कोऱ्या विटीत बांधते. मी उभा असतो तवा गिलावा नसते. मले जे दिसते त्याच्यापासून लिही. बाथरूम मी दर टायमाले दोन इंच वाढवूनच घेतो."

"ते कुठे लिहिलंय?"

"डोक्यात."

"आणि मागच्या वर्षी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मलकापूरच्या कामावर कोण होतं?"

मामा गप्प झाला. मलकापूरच्या कामावर त्याचा पुतण्या होता. हुशार मुलगा, नकाशा जसाच्या तसा बांधणारा. तिथलं बाथरूम अजून नातेवाइकांत प्रसिद्ध आहे.

मला वाटतं, वादात माझी म्हणावी अशी बाजू एवढीच होती. मामाची पद्धत चुकीची नाही. ती मामाबरोबर चालते, आणि मामा घरी बसला की तीही घरी बसते. मामाचं म्हणणं असं, की कागदावर लिहिलेलं वाचतो कोण? टिपा कोपऱ्यात, बारीक अक्षरात. साइटवर नकाशा येतो तो घामानं भिजलेला, सिमेंटच्या पोत्यावर पसरलेला, आणि कोपरा तर फाटलेलाच. मी बरोबर आहे, पण मामाही आहे, कारण मी स्वतः कोपऱ्यातल्या टिपा वाचत नाही.

खपवणे हा शब्द यानंतर आला. मामाच्या धंद्यातला हा फार मोठा शब्द आहे. वीट भट्टीतून सारखी येत नाही, भिंत तंतोतंत येत नाही. एकेका खोलीत तीन सूत वाढलं तर पाच खोल्यांत पंधरा सूत, जवळजवळ दोन इंच. हे कुठेतरी खपवावं लागतं. मामा कोठीच्या खोलीत खपवतो, कारण तिथे पोती ठेवतात आणि पोत्याला दोन इंच कळत नाहीत. जुन्या ऑटोकॅडच्या नकाशावर हे कागदातही करता यायचं. प्रत्यक्ष माप ११ फूट ९ इंच असलं तरी त्यावर १२ टाइप करा, रेघेला काही वाटत नाही. रेव्हिट हे करू देत नाही. मापाच्या जागी शब्द लिहा, चालेल, पण दुसरा आकडा लिहायला गेलात की नकार. माप बदलायचं तर भिंत हलवा.

"लय इमानदार हाय," मामा म्हणाला. त्यात कौतुक होतं की दया, मला कळलं नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचं लगेच जमलं. खोलीनंतर खोली साखळीनं मोजत गेलं की चूक वाढत जाते. त्यामुळे टेपचा आकडा एका खिळ्याला अडकवायचा आणि सगळी मापं त्याच एका टोकापासून वाचायची. मामा हे चाळीस वर्षं करतो, रेव्हिटलाही ते येतं. तो खिळा कुठे ठोकायचा, यावर मात्र पुन्हा चहा करावा लागला.

मामा घरकुलंही बांधतो. त्यात घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. मी सहज विचारलं, पाच बाय पाच मीटर बाहेरून धरलं तर नऊ इंची भिंतीत आत किती उरतं? त्यानं डोळे मिटून सांगितलं, "साडेवीसच्या थोडं वर." मशिन म्हणालं २०.६. मध्यरेषेनं धरलं तर २२.७५. तेच घर, तीच वीट, तीन क्षेत्रं. शहरात फ्लॅट घेणाऱ्यांसाठी २०१६ च्या रेरा कायद्यानं हा घोळ शब्दांत बांधून टाकला: चटई क्षेत्रात बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, आतल्या धरायच्या. त्यामागे केवढा जुना वाद असेल, ते मला त्या ओसरीवर बसून कळलं.

संध्याकाळी विषय लोणारकडे गेला, तसा तो आमच्याकडे जातोच. मामा दैत्यसूदनाच्या मंदिरात बऱ्याचदा गेलाय, सरोवराकडे तो बघतही नाही. ताऱ्यासारखं तळ, कोनामागून कोन, आणि गिलावा कुठेच नाही. घडीव दगड हाच गाभा आणि हेच तोंड. माझ्या सहा रेघांपैकी तिथे तीनच उरतात. चौकोन मध्याभोवती थोडा थोडा फिरवत नेला की असं ताऱ्याचं तळ निघतं, म्हणजे आखणारा मध्य धरूनच बसला असणार, असं मी म्हटलं. त्या काळी अशा माणसाला सूत्रधार म्हणत. हातात सूत असलेला.

"तिथं सेंटर दिसते ना," मामा म्हणाला. "देव बसलेला हाय त्यावर."

नकाशावरचा तिसरा गोल राहिला होता. तो पश्चिमेच्या भिंतीवर होता. ती भिंत आमची आणि चुलत काकांची सामाईक आहे. पणजोबांच्या वेळी एकाच घराची दोन झाली तेव्हा मध्ये घातलेली. खरेदीखतं आणि वाटण्या काढून पाहिल्या. चतुःसीमेत लिहिलंय, पश्चिमेस अमक्याची भिंत. भिंतीचं कोणतं तोंड, अलीकडचं, पलीकडचं की मध्य, ते लिहिणाऱ्याला लिहावंसं वाटलं नाही. त्याला भिंत म्हणजे एकच रेघ वाटली असणार. दोन फूट जाडीची रेघ.

"ड्रोननं मोजलं ना गाव?" मामानं विचारलं.

मोजलं. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. महाराष्ट्रानं त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाण ड्रोननं मोजून पाहिलं होतं. ड्रोन वरून उडतं, तेव्हा हद्दी त्याला दिसाव्यात म्हणून आधी जमिनीवर चुना टाकतात. नकाशाची अचूकता सुमारे ५ सेंटिमीटर सांगतात. पण ड्रोनला भिंत दिसत नाही, धाबं दिसतं. आणि आमचं व काकांचं धाबं एकसलग आहे. चुना टाकायला गेलो तेव्हा काका त्यांच्या बाजूनं भिंतीच्या कडेला टाकत होते आणि वडील आमच्या बाजूनं. शेवटी कुणीतरी टोकावर, भिंतीच्या मधोमध एक फुली मारली आणि तेवढ्यावर ते भागलं.

"तर मग या एका भिंतीला मध्यरेषा लागेल की नाही?" मी विचारलं. "इथे तोंड धरलं तर भांडण."

मामा उठला. टेप काढला. दाराशी भिंतीची जाडी २५ इंच भरली. मागच्या टोकाला, पडक्या न्हाणीपाशी, २० इंच. मधल्या खोलीत दोन्हीकडून टेप लावणं शक्य नव्हतं. मी दोन टोकांचे मध्य मशिनमध्ये टाकले आणि सरळ रेघ मारली. मधल्या खोलीत ही रेघ भिंतीच्या मध्यातून जाते की नाही, कोण सांगणार? मातीची भिंत दर पावसाळ्याआधी सारवून सारवून कुठे फुगलेली, कुठे झिजलेली. तिला तोंडच नाही, मग सहा रेघा कुठून आणायच्या? पुढची अडचण वेगळीच. नव्या घराचा पाया या रेघेला लागून. फुटिंग कॉलमच्या दोन्ही बाजूंना सारखं पसरलं तर अर्धं काकांच्या घराखाली जाईल. म्हणजे इथले कॉलम फुटिंगच्या मध्यावर बसवताच येणार नाहीत, एका अंगाला सरकवावे लागतील.

"पायाले सेंटर पायजे, हे कोण म्हणत होतं?" मी म्हणाले.

मामानं ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. तो मधल्या खोलीत गेला होता. तिथे भिंतीत आमचा कोनाडा आहे, आजी त्यात दिवा ठेवायची. त्यानं कोनाड्यात हात घातला, मागच्या मातीवर बोटाच्या पेरानं वाजवलं, आणि कान लावला. मग पलीकडे हाक मारली. काकांच्या घरी त्याच जागी त्यांचाही कोनाडा आहे, हे मला माहीत नव्हतं. मामाला तरी कसं माहीत, तो तर घाटाखालचा.

"दोन घरं एकाच भिंतीची असली का गवंडी कोनाडे पाठीले पाठ लावूनच काढते," तो म्हणाला. "मधात चार बोटं सोडते. ती चार बोटं त्याची. ना तुमची, ना त्याइची."

आमचा कोनाडा टेपनं साडेनऊ इंच खोल भरला. काकांचा काय भरतो ते विचारायला मामानं पुन्हा हाक दिली. पलीकडून भांडी सरकवल्याचा आवाज आला, मग टेपचा पत्रा खडखडला.

"कुठून मोजू?" काकांनी विचारलं. "सारवण धरून का सोडून?"